आठ गाठींमागे एक रुपया

माझे वडील कापूस वाचायचे. आमच्या घरात हे असंच म्हटलं जायचं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. ते ग्वाल्हेरच्या हजिऱ्यातल्या जियाजीराव कॉटन मिलच्या गोदामात होते. कारकून म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत कापूस पारखणाऱ्या सिलेक्टर साहेबांचा उजवा हात होऊन बसले. आम्ही राहायचो शहराच्या लष्कर भागात, चिटणीसांच्या गोठीत. मूळ शब्द गोट, म्हणजे छावणी; दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथे तळ ठोकला तेव्हाचा. हिंदी जिभेवर त्याची गोठ झाली आणि आम्ही मराठी माणसंही निमूटपणे गोठीत राहू लागलो. सकाळी वडील सायकलवर टांग टाकायचे ते हजिऱ्याचा भोंगा व्हायच्या आत पोचायला.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी त्यांचा डबा घेऊन गोदामात जात असे. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, गोणपाटात शिवलेल्या गाठी छतापर्यंत रचलेल्या असत. वडील गोणपाटाच्या फटीत दोन बोटं घालून रुईची चिमूट काढायचे. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ती हलकेच ओढायची, दोन तुकडे करायचे, एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचे. आखूड तंतू गळून पडायचे. पाच-सहा वेळा असं केलं की बोटांत एकसारख्या लांबीची, कंगव्यानं विंचरल्यासारखी एक छोटी झालर उरायची. ती काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून इंचाचे बत्तीस भाग धरून ते लांबी सांगायचे. साहेब नंतर मोजायचे. फरक पडलाच तर एखाद्या भागाचा.

पण मला आठवतं ते त्यानंतरचं. लांबी सांगून झाली की वडील गाठीला वळसा घालून तिच्या अंगावरचा छाप शोधायचे. काळ्या शाईत एक खूण आणि एक आकडा. तो वहीत उतरवल्याशिवाय गाठ पुढे जायची नाही. मी एकदा विचारलं, आकडा कशाला, कापूस तर तुम्ही वाचलाच की. ते म्हणाले, "कापूस कसा आहे ते बोटांना कळतं. कुठून आला ते बोटांना कळत नाही."

गेल्या वर्षी आमच्या माडीवरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायला आली. बुऱ्हाणपूरची, घरी केळी आणि कापूस, बोली खानदेशी वळणाची. इथे शेती अर्थशास्त्रात पीएच.डी. करते, फेलोशिप आहे. विषय काय विचारलं तर म्हणाली, "काका, मोहरीच्या सप्लाय चेनमधली सस्टेनेबिलिटी." मग समजावून सांगितलं: शेतापासून तेलाच्या बाटलीपर्यंत माल जातो त्या वाटेवर जमिनीचं, पाण्याचं, माणसाचं काय होतं ते बघायचं. आणि वर, "हा विषय तसा नवाच आहे हो." मी चाळीस वर्षं माती तपासण्यात घालवलेला माणूस. मला वडिलांची वही आठवली. नवा विषय म्हणे.

छापाची गोष्ट आधी सांगतो. मुंबईच्या बाजारात कापसाला शेताचं नाव नसे, बाजाराचं असे. आमच्या माळव्याचा कापूस, म्हणजे उज्जैन, शाजापूर, मंदसोरचा, जो मुलूख तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होता, तो मुंबईत 'ऊमरा' म्हणून विकला जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. वऱ्हाड, खानदेश, माळवा सगळे एका नावाखाली. उत्तरेकडचा आखूड, खरबरीत कापूस 'बंगाल' म्हणून जाई, आणि बंगालशी त्याचा सुतराम संबंध नसे. असं नाव सैल असलं की त्यात काहीही भरता येतं. नावाजलेल्या गावच्या स्टेशनावर रेल्वेनं हलका कापूस न्यायचा, तिथल्या जिनात सरकी काढायची, तिथल्याच प्रेसमध्ये गाठ बांधायची आणि त्या गावच्या नावानं विकायची. भडोच-सुरतेच्या चांगल्या कापसात गोघारी नावाचा हलका कापूस मिसळायचा, कारण गोघारीत रुईचा उतारा जास्त. वजन वाढवायला पाणी मारायचं. मधे अडते, दलाल, जिनवाले, प्रेसवाले, निर्यातवाले. तक्रार लँकेशायरच्या गिरणीतून यायची आणि भाव इथल्या शेतकऱ्याचा पडायचा, ज्यानं कापूस चोख पिकवला होता त्याचाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 साली, सरकारनं यावर एक कॉटन कमिटी नेमली. तिच्या शिफारशीवरून 1921 साली मुंबईत इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी बसली. योगायोग असा की आमची हजिऱ्याची मिलही त्याच सालची, बिर्लांनी माधवराव महाराजांच्या राज्यात घातलेली. कमिटीत शेतकी खात्याचे अधिकारी होते, व्यापारी, गिरणीवाले, जिनवाले होते. मग ब्रिटिश हद्दीत कायद्यांची रांग लागली. 1923 चा कॉटन ट्रान्सपोर्ट अॅक्ट: परवान्याशिवाय बाहेरचा कापूस ठरावीक मुलखात आणायचा नाही. 1925 चा जिनिंग आणि प्रेसिंग फॅक्टरीजचा कायदा: प्रत्येक प्रेसला स्वतःची खूण, प्रत्येक गाठीला क्रमांक. वडिलांच्या वहीतला आकडा तो हा. माडीवरच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला. तिच्या भाषेत याला ट्रेसेबिलिटी म्हणतात आणि त्यासाठी युरोपातल्या कंपन्या हल्ली मोबाइलवरचे चौकोनी ठिपके वापरतात. वडिलांकडे काळी शाई होती.

या सगळ्यातला माझा आवडता कायदा मात्र तिसराच: 1923 चा कॉटन सेस अॅक्ट. चारशे पौंडांच्या प्रत्येक गाठीमागे पहिली तीन वर्षं चार आणे आणि नंतर दोन आणे. निर्यात होणाऱ्या गाठीवर आणि गिरणीत लागणाऱ्या गाठीवर, दोन्हींवर. दोन आणे म्हणजे आठ गाठींमागे एक रुपया. आठ गाठी म्हणजे साडेचौदाशे किलो रुई. त्यासाठी त्याच्या साधारण तिप्पट कापूस शेतात वेचला गेलेला. एवढ्यामागे फक्त एक रुपया. पण त्या रुपयाला एक अट होती: तो सरकारी तिजोरीच्या पोटात गडप व्हायचा नाही, कापसावरच्या अभ्यासावर खर्च व्हायचा. सरकारच्या लहरीवर न चालणारा, मालाच्या अंगातूनच निघालेला संशोधनाचा पैसा.

त्या पैशातून 1924 साली दोन जागा उभ्या राहिल्या. एक मुंबईत माटुंग्याला, टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी. तिथे वडिलांची बोटं जे करायची ते यंत्रावर होऊ लागलं, छोट्या चात्यांवर सूत काढून कापसाची पारख. तिचे पहिले संचालक टर्नर. दुसरी जागा इंदूरला. होळकर दरबारानं रेसिडेन्सीच्या बाजूला सुमारे तीनशे एकर जमीन दिली आणि माळव्याच्या काळ्या मातीत इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. नाव लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे. पैसा कापसाचा, पण नावात कापूस नाही. ही करामत तिच्या संचालकाची, अल्बर्ट हॉवर्डची.

हॉवर्ड 1905 पासून बिहारमध्ये पुशाच्या शेती संशोधन संस्थेत होता. गव्हाची चांगली वाणं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, गॅब्रिएलनं, मिळून काढली. ती स्वतः केंब्रिजला शिकलेली वनस्पतिशास्त्रज्ञ. नवऱ्याच्या हाताखालची मदतनीस म्हणून तिला धरणाऱ्यांनी तिचे निबंध वाचावेत. पुशात दोघं वैतागले ते तिथल्या कप्प्यांना. माती एका खात्याकडे, बुरशी दुसऱ्याकडे, किडे तिसऱ्याकडे आणि पीक चौथ्याकडे; हॉवर्डचं म्हणणं, झाड काही खात्यांनुसार आजारी पडत नाही. इंदूरला आल्यावर त्यानं कमिटीला पटवलं की कापूस एकटा अभ्यासायचा विषय नाही. त्याच्या आधी शेतात काय होतं, त्याच्या शेजारी काय आहे, बैल काय खातात, गोठ्यातून काय बाहेर पडतं, हे कळल्याशिवाय कापूस कळणार नाही. गिरणीवाल्यांनी लांब धाग्यासाठी पैसे दिले होते आणि संचालकसाहेब उकिरड्याकडे बघत होते. कमिटीतल्या व्यापाऱ्यांनी त्याला तरीही पैसे दिले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

उकिरड्याचं आता जरा सविस्तर, कारण माझ्या धंद्याचा हा भाग आहे.

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते. तुरीची तुऱ्हाटी तशीच. लाकडासारखी कडक. शेतकरी ती चुलीत घालतो किंवा बांधावर जाळतो, कारण जमिनीत गाडली तर वर्षभर कुजत नाही. इंदूरच्या फार्मवर ती रस्त्यावर अंथरत. दिवसभर बैलगाड्यांची चाकं तिच्यावरून जायची आणि आठ-पंधरा दिवसांत तिचा चुरा होई. यंत्र नाही, मजुरी नाही. गाडी कशीही जायचीच होती. हा चुरा, तण, पाचट, पालापाचोळा रात्री बैलांच्या पायाखाली घालायचा. गोठ्याची जमीन फरशीची नाही, मातीची. ती गोमूत्र पिऊन बसते आणि दर काही महिन्यांनी खणून काढायची. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा. त्यात थर द्यायचे: गोठ्यातला ओला पाचोळा, मूत प्यायलेली माती, चुलीची राख, वर शेणकाल्याचा शिडकावा. तुडवायचं नाही, हवा खेळली पाहिजे. ढीग तापतो, हात घालवत नाही. पांढरी बुरशी येते आणि जाते. तीनदा उलटायचा. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं खत. घाण वास आला किंवा माशा घोंगावल्या तर समजायचं, कुठेतरी चुकलं. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण तेहतिसास एक असं राखायचं, शेवटी ते दहास एकच्या आसपास येतं.

हे प्रमाण ज्यानं बसवलं तो माणूस म्हणजे यशवंत वाड. संस्थेच्या रसायन विभागातले मुख्य सहायक, आपले मराठी. 1931 साली ऑक्सफर्डनं शेतीतल्या टाकाऊ मालावरचं पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हॉवर्ड पुढे सर झाला, 1940 साली 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' लिहून जगभराच्या सेंद्रिय शेतीवाल्यांचा ऋषी झाला. वाड इंदुरातच राहिले आणि हॉवर्ड गेल्यावर नव्या संचालकांबरोबर, जॅक्सनबरोबर, वस्तीतल्या मैल्याचं आणि कचऱ्याचं याच रीतीनं खत कसं करायचं यावर काम करत राहिले. जगात या रीतीला 'इंदूर पद्धत' म्हणतात. गावाचं नाव लागलं, माणसाचं नाही. एका परीनं ते आमच्या कापसासारखंच झालं.

खड्ड्याइतक्याच काळजीनं हॉवर्डनं मजुरांची व्यवस्था केली होती. पगार वेळेवर, रजा ठरलेली, कामाचे तास कमी, राहायला नीट जागा. त्याचा हिशोब भाबडा नव्हता. थकलेला मजूर खड्डा नीट उलटत नाही, एवढाच होता. माडीवरच्या मुलीच्या प्रश्नावलीत 'कामगार कल्याण' असा वेगळा रकाना आहे. इंदूरला तो खताच्याच रकान्यात होता.

दोन आण्यांच्या पैशातून आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला सगळ्यात जवळची. कमिटी पदवीधर मुलांना संशोधनासाठी विद्यावृत्त्या देई. विद्यापीठातून ताजा बाहेर पडलेला मुलगा इंदूरला किंवा माटुंग्याला येऊन कापसावर काम करी आणि त्याचं पोट गाठींवर चाले. फेलोशिप हा शब्द तेव्हा रुळला नव्हता, वस्तू तीच. 1933 च्या सुमारास जोसेफ हचिन्सन हा इंग्रज आनुवंशशास्त्रज्ञ इंदूरला आला, पुढे केंब्रिजला प्राध्यापक आणि सर झाला. त्याच्याबरोबर कामाला होते विनायक गोविंद पानसे. वाफे कसे पाडायचे, एका वाणाची दुसऱ्याशी तुलना करताना जमिनीचा चढउतार हिशोबातून कसा काढायचा, पिकाचा अंदाज अर्ध्या तालुक्याची कापणी न करता कसा बांधायचा, हे त्यांनी लंडनच्या फिशरची संख्याशास्त्रीय रीत घेऊन माळव्याच्या कापसावर घासून बघितलं. वऱ्हाडातल्या कापसाच्या कापणीचे नमुने घेऊन उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचं काम त्यातूनच निघालं. 1954 साली पानसे आणि सुखात्मे या जोडीचं शेती कामकऱ्यांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं छापलं. भारतात शेतीत एम.एस्सी. केलेला माणूस मला असा दाखवा, ज्यानं पानसे-सुखात्मेची पानं दुमडली नाहीत. माझ्या प्रतीची तर बांधणीच सुटली आहे. ती मी मुलीला दाखवायला वर नेली. तिच्या टेबलावर आधीच तेच पुस्तक होतं, झेरॉक्स केलेलं, स्पायरल घातलेलं.

म्हणजे मातीचा हिशोब एका मराठी माणसानं बसवला, आकड्यांचा दुसऱ्यानं, आणि दोघांच्याही पगाराचा उगम एकच: प्रेसमधून निघालेल्या गाठीवरचे दोन आणे.

पुढचं थोडक्यात. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते ही संस्था बघून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी 'हरिजन'मध्ये या खताबद्दल लिहिलं. पण खरं सांगायचं तर इंदूर पद्धत माळव्याच्या शेतकऱ्यापेक्षा केनियाच्या कॉफीमळेवाल्यांनी आणि आसाम-सिलोनच्या चहामळ्यांनी जास्त उचलली. त्यांच्याकडे मजूर होते, पाणी होतं आणि पालापाचोळ्याचे डोंगर होते. आमच्याकडे पऱ्हाटी आणि शेणाच्या गोवऱ्या हेच चुलीचं जळण. ज्या घरात भाकरी पऱ्हाटीवर भाजते त्या घराला पऱ्हाटी गाड्यांखाली टाक म्हणणं सोपं नव्हतं. हॉवर्डला हे दिसत होतं, पण त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. गॅस सिलिंडर यायला अजून वेळ होता. तिकडे इंग्लंडात आणि अमेरिकेत त्याच्या पुस्तकांवरून सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली, आणि नव्वदीच्या सुरुवातीला तीच चळवळ स्वित्झर्लंडहून निमाडात परत आली: खरगोन जिल्ह्यात मैकाल नावानं सेंद्रिय कापसाचा प्रकल्प, स्विस सूतव्यापाऱ्याची हमी खरेदी, आणि 2007 पासून कसरावदला सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची शेजारी-शेजारी तुलना करणारा दीर्घ मुदतीचा प्रयोग, पैसा पुन्हा स्विस. इंदूरहून कसरावद काही तासांवर आहे. निमाडच्या शेतकऱ्याला कंपोस्ट शिकवायला माणूस आल्प्सवरून यावा लागला यात मला हसूही येतं आणि थोडा रागही.

इकडे 1948 साली मध्य भारत हे राज्य झालं. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. पुढे मध्य प्रदेश. 1966 साली सेंट्रल कॉटन कमिटी गुंडाळली गेली आणि तिचं काम दिल्लीच्या कृषी परिषदेकडे गेलं. कापसाचं संशोधन थांबलं नाही, उलट वाढलं. पण गाठ आणि प्रयोगशाळा यांच्यामधली ती दोन आण्यांची दोरी सुटली. पैसा आता वरून येऊ लागला, आणि वरून येणाऱ्या पैशाला खालच्या उकिरड्याची आठवण ठेवायचं कारण नसतं. वडिलांची मिलही नव्वदीत बंद पडली.

मी ग्वाल्हेरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. ते 1950 सालचं. मग माती परीक्षण. वाळवून चाळलेल्या मातीवर डायक्रोमेटचं नारिंगी पाणी, त्यावर गंधकाम्ल, भांडं हाताला चटका देतं, अर्धा तास थांबायचं, मग थेंब-थेंब सोडत रंग जांभळ्यावरून हिरव्यावर येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघायचं. त्यावरून सेंद्रिय कर्ब निघतो. अर्ध्या टक्क्याखाली कमी, पाऊण टक्क्यावर चांगला. भिंड-मुरैनाच्या मातीचे नमुने मी किती तपासले त्याला गणती नाही, आणि माझ्या हस्ताक्षरातला सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द म्हणजे 'न्यून'. चंबळचे बीहड बाजूलाच आहेत. पावसाचं पाणी धरून ठेवायला मातीत काही नसलं की नाल्या शेताच्या आत शिरतात. साठच्या दशकात चंबळचा कालवा आला, पाणी आलं, मोहरी आली. फेब्रुवारीत रेल्वेच्या खिडकीतून पिवळंधमक दिसतं ते सगळं त्याचंच.

ही मोहरी आता त्या मुलीचा विषय आहे. ती मंडीत जाऊन बसते. मोहरीचा भाव 'कंडिशन'वर ठरतो: बेचाळीस टक्के तेल म्हणजे बेचाळीसची कंडिशन, खाली आलं की कपात. लष्कराच्या दाल बाजारातल्या जुन्या दुकानदारांना दाणा तळहातावर चोळून कंडिशन सांगता यायची, वडिलांना रुईची लांबी यायची तशी. तेल बाटलीत जातं, पेंड जनावरांना. मळणीनंतर उरलेल्या मोहरीच्या काडाचं काय होतं, हे तिनं मला विचारलं नव्हतं. मीच तिला स्कूटरच्या मागे बसवून मुरैना रोडवर घेऊन गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गवताच्या डोंगरासारख्या भरून विटभट्ट्यांकडे जात होत्या. काड जळतं चांगलं, वीट भाजते, शेतकऱ्याला चार पैसे रोख मिळतात. ज्या शेतातून ते आलं तिथला कर्ब भट्टीच्या धुरांड्यातून वर जातो. तिच्या साखळीच्या आराखड्यात शेत, मंडी, घाणी, बाटली, दुकान अशा पाच चौकटी होत्या. त्या दिवशी घरी येऊन तिनं सहावी काढली आणि तिचा बाण शेताकडे न नेता बाहेर नेला.

मंडीच्या पावतीवर काय काय असतं हेही मी तिला बघायला लावलं. मंडी शुल्क, आणि त्याखाली निराश्रित शुल्क, शंभर रुपयांमागे वीस पैसे. मध्य प्रदेशात निराश्रितांच्या मदतीसाठी 1970 साली कायदा झाला तेव्हापासूनचं. शंभरामागे वीस पैसे, म्हणजे वडिलांच्या काळच्या दोन आण्यांच्या जातीतलीच रक्कम. मोहरीच्या पोत्यावर मातीसाठी आणि ती तपासणाऱ्या पोरांसाठी तेवढीच एक ओळ का असू नये? व्यापारी म्हणतील ओझं. 1923 सालच्या व्यापाऱ्यांनाही ते ओझं होतंच, आणि तरी ते दिलं गेलं.

2008 साली ग्वाल्हेरला राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ झालं आणि इंदूरचं कृषी महाविद्यालय त्याच्याकडे आलं. म्हणजे जिथे वाडांनी खड्डे भरले त्या आवाराचा कारभार आज आमच्या गावातून चालतो. मुलगी डिसेंबरात तिकडे जाणार आहे, जुनी दप्तरं बघायला. म्हणून एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, देवासच्या, किंवा तिथून पुण्या-मुंबईला गेलेल्या मराठी घरांत कुणाचे आजोबा प्लँट इन्स्टिट्यूटमध्ये, कॉटन कमिटीत, जिनात किंवा मिलच्या गोदामात असतील, तर माळ्यावरची वही, गाठींच्या नोंदी, यशवंत वाडांचं एखादं पत्र, खड्ड्याजवळ उभ्या माणसांचा फोटो रद्दीत देऊ नका. आधी जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा. आमच्या घरातली वडिलांची वही मी 1992 साली रद्दीत दिली, अडीच किलो भरली.